वर टिकून राहण्यासाठी

ड्रोनवाल्यांच्या जगात केबलच्या ड्रोनला फारसा मान नाही. बांधलेलं ते कसलं उड्डाण, असं तरुण पायलट म्हणतात. मला मात्र या कामातलं सगळं कसब त्या बांधलेपणातच दिसतं.

बॅटरीवरचा साधा ड्रोन अर्ध्या तासाच्या आसपास खाली घ्यावा लागतो. केबलचा ड्रोन जमिनीवरून वीज घेतो आणि तासन्‌तास एका जागी थांबतो. पण ती वीज वर पोचवायची कशी? समजा, तरंगायला दोन किलोवॉट लागतात. पन्नास व्होल्टने पाठवली तर तारेतून चाळीस अँपिअर वाहणार. त्याला जाड तांबं हवं, आणि तेवढं तांबं घेऊन ड्रोन उठणारच नाही. चारशे व्होल्ट केले की पाच अँपिअर पुरतात आणि त्याच तारेत उष्णतेपायी वाया जाणारी वीज चौसष्टपटीने घटते. म्हणून खालचं पॉवर स्टेशन जनरेटरची वीज वाढीव दाबाच्या डीसीत बदलतं. ड्रोनच्या पोटातला कन्व्हर्टर तो दाब मोटरींना झेपेल इतका उतरवतो. एवढं करूनही, मीटरला पंचवीस ग्रॅम धरले तर शंभर मीटर केबल अडीच किलो भरते.

कल्पना जुनीच. १९१८ साली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यासाठी पेट्रोत्सी, कार्मान आणि झुरोवेत्स यांनी टेहळणीच्या बलूनऐवजी बांधलेलं हेलिकॉप्टर उडवून बघितलं. पहिल्या यंत्राची विजेची मोटर जमिनीवरून आलेल्या तारेवर चालायची. ते जमिनीपासून जेमतेम सुटलं आणि थोड्याच चाचण्यांत मोटर जळाली. त्या माणसांविषयी मला फार जिव्हाळा वाटतो, कारण उष्णतेशी आमचंही भांडण रोजचंच आहे. हवेतली तार वाऱ्याने थंड राहते. जमिनीवरच्या ड्रमवर गुंडाळून राहिलेली तापते. ड्रोन कमी उंचीवर ठेवला की जास्त केबल ड्रमवर उरते, म्हणून सोप्या दिसणाऱ्या उड्डाणातच मी ड्रमचं तापमान जास्त वेळा बघतो.

केबल सोडणाऱ्या आणि ओढून घेणाऱ्या विंचचा ताणही असाच जपावा लागतो. जास्त ओढ दिली तर ड्रोन खाली खेचला जातो, जास्त ढील दिली तर केबल झाडात नाहीतर मंडपाच्या बांबूत अडकते. वीज गेलीच तर वरची छोटी बॅटरी फक्त सुखरूप उतरण्यापुरती असते; ती चार्ज नसेल तर मी उड्डाण करू देत नाही, समोर कोणीही उभा असो.

हा खटाटोप गर्दीसाठी. २००३ च्या नाशिक कुंभमेळ्यात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. गर्दी एका फोटोत धोकादायक दिसत नाही. ती कुठे दाटते, पुढचे थांबले तरी मागचे कसे ढकलत राहतात, हे कळायला तोच चौक सलग बघावा लागतो. बॅटरी बदलायला उतरलेल्या ड्रोनला नेमकी तीच मिनिटं दिसत नाहीत.

पण इतका वेळ वर थांबणारा कॅमेरा लोकांच्या गच्च्या आणि खिडक्याही बघू शकतो. बंदोबस्ताच्या अधिकाऱ्यांशी मी हे आधीच बोलून घेतो: प्रवाह कळेल इतकंच झूम, घरं चौकटीबाहेर. कॅमेरा किती अंशांपर्यंत वळेल याची मर्यादा उड्डाणाआधीच सॉफ्टवेअरमध्ये घालतो. पहाटेच्या पाळीला कंटाळलेला हात जॉयस्टिक कुठे वळवेल, ते त्याच्या मर्जीवर सोडायचं नसतं.