वसंतातला पूर, आषाढातला पूर

'वसंत' आणि 'पूर' हे दोन शब्द मराठीत सहसा शेजारी येत नाहीत. आपला वसंत कोरडा. पळस-पांगारा फुलतो तेव्हा सह्याद्रीतल्या बहुतेक नद्यांच्या पात्रांत वाळू आणि डबकी उरलेली असतात. उगमाशी बर्फ नसल्याने या नद्या पावसावरच जगतात. अमेरिकेतील डाकोटाच्या माळरानांवर मात्र वसंताच्या आरंभी बर्फ वितळते, खालची जमीन गोठलेली असल्याने पाणी मुरत नाही आणि सखल शेते पाण्याखाली जातात. पाठोपाठ तिथल्या फेझंट या पक्ष्याचा विणीचा हंगाम येतो. तो घरटे जमिनीवर करतो. अंडी गेली तर मादी पुन्हा घरटे करते, पण बहुधा अंडी आधीपेक्षा कमी असतात. हा पक्षी मूळचा तिथला नाही. शिकारीसाठी तो आशियातून नेला गेला आणि १९४३ मध्ये साउथ डाकोटाचा राज्यपक्षीही झाला.

या पक्ष्याचे भाऊबंद आपल्याकडे आहेत: मोर, रानकोंबडा, चकोत्री, तित्तर, लावा. रानकोंबडीची वीण मुख्यतः पावसाळ्यापूर्वी होते, लांडोर मात्र पावसाळ्यातही जमिनीवरच अंडी घालते. कुठे बसावे आणि कधी बसावे, याचे हे ज्ञान पिढ्यान् पिढ्या त्याच मातीत राहिल्याने आलेले असते.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या दिघ्याकडे पाहताना मला हे सारे आठवते. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी आणि मध्ये चिंचोळी पट्टी. डोंगरावरून उतरणारे पाणी ब्रिटिश अमलात रेल्वेने अडवले, तो बांध इलठाणपाड्याला आजही आहे. मूळच्या आगरी-कोळी वस्तीला भरती-ओहोटीची तिथी तोंडपाठ असे. जोराचा पाऊस आणि खाडीची मोठी भरती एका वेळी आली की नाल्यांतले पाणी खाडीत उतरत नाही, उलट मागे फुगते, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नव्हते. पुढे औद्योगिक पट्टा उभा राहिला आणि मराठवाडा, विदर्भ, देशावरून, उत्तर प्रदेशातून माणसे आली. त्यांतले कित्येक दुष्काळी मुलखातले. पाणी नसण्याचे शहाणपण त्यांच्यापाशी होते, पाणी अंगावर येण्याचे नव्हते. जागा मिळाली ती उतारावर, नाल्याकाठी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा अशा वस्त्यांना हे ज्ञान फार महागात पडले.

माझ्या वर्गात अशा घरांतली मुले बसतात. जुलैतल्या हजेरीपटावर त्यांच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा दिसतात. मग एखादी मुलगी फुगलेल्या पानांची, उन्हात वाळवलेली वही घेऊन येते आणि काही न बोलता मागच्या बाकावर बसते. फेझंटची मादी दुसऱ्यांदा घरटे करते ते आपण निसर्गाचे कौतुक म्हणून वाचतो. या मुलीच्या आईने किती वेळा चूल मांडली, हे कौतुकाने वाचण्यासारखे नाही. दर वेळी काहीतरी कमी होत असते.

शिकारीच्या जुन्या कायद्यांत एक समजूतदार कल्पना होती. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्यात रानकोंबडे, तित्तर, मोर यांच्यासाठी 'बंद काळ' ठरवण्याची तरतूद होती. बंदूक हाती असणाऱ्यालाही काही महिने थांबणे भाग होते. पुढे १९७२ च्या कायद्याने आणि त्यातील नंतरच्या दुरुस्त्यांनी शिकारीवर जवळजवळ पूर्ण बंदी आणली, आणि ते योग्यच झाले. परंतु पक्ष्याला गोळीपासून वाचवताना त्याची बसायची जागा आपण मोकळी सोडली का? खाडीकाठच्या पाणथळींवर भराव पडतो, नाल्यांचे पात्र आवळले जाते, डोंगर पोखरले जातात. जमिनीच्या या शिकारीला बंद काळ नाही.

पाण्याला त्याची वाट आणि माणसाला उंचावर हक्काची जागा, या दोन मागण्या परस्परविरोधी मानल्या जातात. मला त्या एकच वाटतात. नाल्याकाठचे घर तोडून त्या कुटुंबाला दुसऱ्या नाल्याकाठी ढकलले, तर पुढच्या आषाढात पाणी त्यांना तिथेही गाठणारच.