पारपत्रावरची मातृभाषा

कोरिया सरकारच्या हिशेबी माझी मातृभाषा इंग्रजी आहे. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग मी कोण?"

प्रकार असा आहे. दक्षिण कोरियात इंग्रजी संभाषण शिकवायला येणाऱ्या परदेशी माणसाला ई-२ नावाचा परवाना लागतो. त्यासाठी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड किंवा दक्षिण आफ्रिका या सातांपैकी एका देशाचे पारपत्र हवे. भारतीयांसाठी २०१० साली अमलात आलेल्या व्यापारकराराने एक दार किलकिले केले, पण तेही साहाय्यक शिक्षकापुरतेच. मला आजोबांनी इंग्रजी शिकवले ते साताऱ्याच्या ओसरीवर, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पुढे ठेवून. पुढे टोरांटोला पदवी घेतली, नोकरी केली आणि एके दिवशी हात वर करून कॅनडाच्या नागरिकत्वाची शपथ घेतली. सकाळी मी परभाषिक होते, दुपारी स्वभाषिक झाले. उच्चारात मात्र तसूभरही फरक पडला नाही.

मी शिकवते ती जागा म्हणजे आपल्याकडचा शिकवणीचा क्लासच. कोरियन भाषेत त्याला हागवॉन म्हणतात. मराठी घरात हा शब्द जरा जपूनच उच्चारावा. "मी हागवॉनमध्ये आहे," असे फोनवर म्हटले की आई मला ताक प्यायला सांगते. सोलच्या मोकदोंग भागात एकाच इमारतीत गणित, पियानो, इंग्रजी असे मजल्यामजल्यावर क्लास. शाळा सुटली की पिवळ्या व्हॅनी मुलांना दारात आणून ओततात. मोठ्या मुलांचे वर्ग रात्री दहापर्यंत चालतात. दहानंतर सोलमध्ये क्लास घेण्यास बंदी आहे, नाही तर बारा सहज वाजले असते! आणि हे सगळे कशासाठी, तर नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी होणाऱ्या सुनुंग परीक्षेसाठी. त्या दिवशी इंग्रजी ऐकण्याचा भाग चालू असताना सुमारे ३५ मिनिटे देशभर विमाने चढत नाहीत की उतरत नाहीत. आपल्याकडे दहावीच्या परीक्षेत शेजारच्या मांडवातला कर्णा बंद करवून घेताना काय यातायात पडते, ते आठवले की मला या देशाचा आदर वाटतो. लगेच त्या मुलांची कीवही येते.

खाण्याचे हाल मी सांगत बसत नाही. शाकाहारी माणसाने किमचीकडे लोणचे म्हणून पाहावे, तर त्यात मासळीचा अर्क निघतो. भाजीच्या सुपात सुकी मासळी उकळलेली असते. भात मात्र सुरेख मिळतो, आणि घरात शिरताना जोडे बाहेर काढतात, त्यामुळे निम्मे परकेपण दारातच गळते.

खरी मौज वर्गात. इथे प्रत्येक मुलाला एक इंग्रजी नाव मिळते. आपल्याकडे लग्नात नवरीचे नाव बदलत, तसे. या मुलांच्या भाषेत 'फ' नाही, म्हणून कॉफीची खोपी होते, आणि मला आमच्या शेतातली खोपी आठवते. जोडाक्षर तोंडात राहत नाही, त्याला मध्ये मध्ये टेकू लागतात. 'स्ट्राइक' म्हणताना ती 'सु-तु-रा-इ-कु' अशी पाच पावले चालतात. माझे सहकारी हसतात. माझ्या वर्गातली निम्मी मुले 'इस्कूल'मध्ये येत आणि 'इस्टेशन'वर जात, त्यामुळे मला हसू येत नाही. उलट त्यांच्या 'क' आणि 'ख'तला भेद इंग्रज माणसाला महिनोन् महिने ऐकू येत नाही, तो मला पहिल्या दिवशी ऐकू आला. राजा सेजोंगने १४४६ साली लोकांपुढे ठेवलेली त्यांची अक्षरे तर मी दोन संध्याकाळीत शिकले.

आणि वाक्य? मराठीत जसे 'मी भात खातो', तसेच कोरियनमध्ये, शब्दाला शब्द, क्रियापद शेवटी. म्हणून एखादी मुलगी 'आय राइस ईट' म्हणाली, तर ती कुठून घसरली ते मला नेमके दिसते. इथली मुले शिक्षकाला 'यू' म्हणायला धजत नाहीत. "टीचर, टीचर लंच ईट?" असे विचारतात. "यू म्हणा, यू!" म्हणून एक सहकारी रोज घसा फोडतो. पण ज्या भाषेत अहो-जाहो आहे, तिच्यातल्या लेकराने गुरुजींना एकदम 'तू' कसे म्हणावे? माझ्या तोंडून आजोबांना कधी 'तू' निघाले नाही. शिवाय जेवलात का, ही चौकशी आहे हेही मला समजते. साताऱ्यालाही भेटल्यावर पहिला प्रश्न हाच.

माझ्या वर्गात नऊ वर्षांचा एक मुलगा होता. त्याने स्वतःसाठी 'टायगर' हे नाव निवडले होते, आणि आवाज होता मांजरीच्या पिलाचा. मार्चमध्ये त्याच्या आईने त्याला दुसऱ्या वर्गात घालण्याची मागणी केली. तिला 'वोनोमिन' शिक्षक हवा होता, म्हणजे जन्मापासून ती भाषा बोलणारा. क्लासच्या चालकबाईंनी मला बोलावून दोन्ही हातांनी कॉफीचा पेला पुढे केला, तेव्हाच मी समजले. माझ्या कागदांत खोट नव्हती, रंगात होती. मी भांडले नाही. पण राग आला, आणि तो अजून आहे. त्या आईला मी दुष्ट म्हणणार नाही. तिने पैसे मोजले होते ते जाहिरातीतल्या सोनेरी केसांसाठी, आणि ती जाहिरात काही तिने छापली नव्हती. ज्याच्या वर्गात टायगर गेला तो सोनेरी केसांचा तरुणही मनाने सरळ आहे. फक्त मुलांनी 'द' कुठे लावायचा असे विचारले, की तो म्हणतो, "कानाला बरे वाटते तिथे."

म्हणून टायगर आता व्हॅन सुटण्याआधी जिन्यात माझी वाट पाहतो. 'द' त्याच्याही भाषेत नाही आणि माझ्याही. मी त्याला आजोबांची युक्ती सांगितली: ऐकणाऱ्याला कोणता ते आधीच ठाऊक असेल, तर 'द'. सूर्य एकच, म्हणून 'द सन'. कोरियाला 'द' नाही, कारण ते नावच आहे, नाव घेतले की कोणता देश ते कळते. त्याने पाठीवरचे दप्तर सावरले, थोडा विचार केला.

"बट टीचर," तो म्हणाला, "कोरिया टू."

यावर आजोबांनी मला काही शिकवलेले नव्हते. खाली व्हॅनचा भोंगा वाजला, आणि तो दोन दोन पायऱ्या गाळत उतरून गेला.