दुखणे कुठे आहे?

रस्त्यावरून एखादी स्पोर्ट्स कार गेली, की माणसे वळून पाहतात. ठेंगणी, रुंद आणि दोनच माणसांची ती गाडी जणू जमिनीला चिकटून धावते. मी मात्र अशा गाड्यांकडे बहुतेक वेळा खालून, पाठीवर निजून पाहत आलो आहे. शाळा संपल्यावर मी भायखळ्याच्या एका गॅरेजात काम शिकलो. तेथे टॅक्सी येत, टेम्पो येत आणि वर्षातून दोन-चार वेळा एखादी जुनी स्पोर्ट्स कारही येई. लोकांना वाटते, अशा गाडीचे आजारही शाही असतील. तसे काही नसते. टॅक्सीच्या इंजिनाप्रमाणेच तिच्या इंजिनालाही हवा, पेट्रोल आणि वेळेवर पडणारी ठिणगी लागते. फरक एवढाच, की तिच्यात सारे दाटीवाटीने बसवलेले असते. आतल्या एका नटापर्यंत हात पोचवायचा, तर कोपर सोलवटून निघते!

आमचे उस्ताद बिघाडाला 'दुखणे' म्हणत. गाडी आली, की ते लगेच पाना उचलत नसत. आधी मालकाला विचारत, "हे केव्हापासून होते? इंजिन थंड असताना, की गरम झाल्यावर? पाऊस लागला होता का? आधी कोणी काही उघडले होते का?" हकीम नाडी धरण्यापूर्वी विचारपूस करतो, तसाच हा प्रकार. आम्हा मुलांना तो वेळ फुकट गेल्यासारखा वाटे. पण निम्मी दुखणी त्या बोलण्यातच सापडत.

१९९४ सालची गोष्ट. एक वृद्ध पारशी गृहस्थ आपली एमजीबी गाडी दोरीने ओढून घेऊन आले. ही गाडी इंग्लंडमध्ये ॲबिंग्डन या गावी १९६२ ते १९८० या काळात तयार होत असे. किल्ली फिरवली, की सेल्फ नुसता कण्हत असे. इंजिन काही फिरत नसे. दुसऱ्या एका गॅरेजात त्यांना सांगितले होते, की सेल्फ जळला आहे, इंजिनही जाम झाले असेल, सगळे खोलावे लागेल. खर्चाचा आकडा ऐकून ते खचले होते. "नाहीतर भंगारात देऊन टाकतो," असे ते म्हणाले. पण बोलताना त्यांचा हात गाडीच्या दारावरून फिरत होता.

"सेठ, आधी अर्धा तास द्या," उस्ताद म्हणाले.

त्या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे, फळीखाली होत्या. आम्ही दोन्ही तपासल्या. त्या भरलेल्या होत्या. मग उस्तादांनी मला किल्ली फिरवायला सांगितले आणि स्वतः इंजिनाजवळ वाकून उभे राहिले. एकदा किल्ली फिरवली, दुसऱ्यांदा फिरवली. अचानक ते ओरडले, "बस कर!" चोकची तार तापून तिच्या आवरणातून धूर येत होता.

चोकच्या तारेचा आणि सेल्फचा काय संबंध? मला काहीच कळेना. तेव्हा उस्तादांनी जमिनीवर खडूने आकृती काढली. वीज बॅटरीतून निघते आणि फेरी पुरी करून बॅटरीतच परत येते. गाडीत परतीसाठी वेगळी तार नसते. गाडीचा लोखंडी सांगाडाच ते काम करतो. यालाच आपण अर्थिंग म्हणतो. पण इंजिन तर रबरावर बसवलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन व सांगाडा यांना जोडणारा, तांब्याच्या तारा विणून केलेला एक पट्टा असतो. सेल्फला शंभराहून अधिक अँपिअर वीज लागते. ती सारी या पट्ट्यातून जाते. पट्टा गंजला, तर वीज दुसरी वाट शोधते. तिला चोकची बारीक तार सापडली होती. आणखी थोडा वेळ किल्ली फिरवत राहिलो असतो, तर पेट्रोलच्या शेजारीच आग लागली असती.

उस्तादांनी एक जाड तार इंजिनापासून सांगाड्यापर्यंत धरली. मी किल्ली फिरवली. सेल्फ गरकन फिरला आणि इंजिन सुरू झाले! गाडीखाली जाऊन पाहिले, तर पट्टा समुद्राच्या खाऱ्या हवेने हिरवा पडला होता. एका बाजूला तो जेमतेम चार तारांवर लटकत होता. नवा पट्टा बसवला, त्याखालचा गंज खरवडून काढला आणि चोकची तार बदलली. त्या संध्याकाळी सेठ स्वतः गाडी चालवत घरी गेले.

त्याच गाडीने मला कान द्यायलाही शिकवले. तिचा पेट्रोल पंप विजेचा आणि मागच्या चाकाजवळ. किल्ली दिली, की तो टकटक करतो आणि कार्बोरेटर भरले, की गप्प होतो. टकटक थांबतच नसेल, तर टाकी रिकामी आहे किंवा नळीत कोठे तरी हवा शिरते आहे. मुळीच आवाज नसेल, तर त्याला वीज मिळत नाही किंवा त्याचे पॉइंट जळले आहेत. काही लोक अशा वेळी पंपावर पान्याने टकटक मारतात. पंप चालूही होतो, पण पुन्हा बंद पडतो आणि तोही भर चौकात.

इंजिन तापत असेल, तर उस्ताद थर्मोस्टॅट काढून पाण्याच्या पातेल्यात टाकत आणि ते स्टोव्हवर ठेवत. त्यावर ८२ अंश लिहिलेले असेल, तर त्या सुमारास झडप उघडायला हवी. पाणी उकळले तरी ती उघडली नाही, तर चोर सापडला. त्या पातेल्यात पुन्हा चहा करायचा नाही, एवढे मात्र ते बजावत.

ब्रेकच्या बाबतीत ते कोणाचेच ऐकत नसत. एकदा एका तरुणाच्या गाडीचे ब्रेकचे पेडल पाय ठेवताच हळूहळू खाली जात होते. बाहेर एक थेंबही गळत नव्हता, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या आतले रबर झिजले होते. त्याला लग्नाला पोचायचे होते. त्याने विनवण्या केल्या, मग आवाज चढवला. उस्तादांनी किल्ली खिशात टाकली आणि त्याच्यासाठी टॅक्सी थांबवली. गिऱ्हाईक तुटले तरी चालेल, असा त्यांचा हिशेब होता.

आता माझ्या गॅरेजात येणाऱ्या गाड्यांमध्ये संगणक असतो. यंत्र जोडले, की पडद्यावर दोषाचा क्रमांक उमटतो. पुष्कळ कारागीर क्रमांक पाहतात आणि लगेच भाग बदलतात. माझ्या मते तो क्रमांक म्हणजे साक्षीदाराचे बोलणे आहे. गुन्हेगार अजून शोधायचा असतो. मागे एका डॉक्टरबाईंची दोन आसनी गाडी चढावर गचके खात होती. पडद्यावर 'पी ०३०२' उमटले, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नव्हते. प्लग, कॉइल, इंजेक्टर, कशातही दोष असू शकत होता. चारही कॉइल बदला, असा सल्ला त्यांना आधी मिळाला होता. मी दुसऱ्या सिलिंडरवरची कॉइल काढून तिसऱ्यावर बसवली, तिसऱ्याची दुसऱ्यावर घातली आणि गाडी पुन्हा चढावर नेली. या वेळी पडद्यावर 'पी ०३०३' आले. दोष कॉइलबरोबर सरकला होता.

आम्ही एकच कॉइल मागवली.