एकदा शिक्का बसला की...

२०१३ मध्ये रॉबर्ट गॅलब्रेथ नावाच्या नवख्या लेखकाची रहस्यकथा आली. परीक्षणं चांगली, खप जेमतेम. जुलैत बातमी फुटली, की हा गॅलब्रेथ म्हणजे हॅरी पॉटरवाली जे. के. रोलिंग! झालं, पुस्तक रातोरात बेस्टसेलर. आतलं अक्षरही बदललं नव्हतं, लोकांना फक्त नाव कळलं होतं.

ही नावाची जादू. बदनामीची ताकद आपल्या इतिहासात बघा. संभाजी महाराजांवर व्यसनी, बेताल असा शिक्का बसला, त्यात मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीचा मोठा वाटा. बखर लिहिली महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून जास्त वर्षांनी. शिवाय बखरकारांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना महाराजांनीच देहदंड दिलेला! तरी नाटकांनी तीच प्रतिमा उचलली. वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल कागदपत्रं धुंडाळून १९६० साली चरित्र लिहिलं, तेव्हा कुठे ती पुसायला लागली.

हे सगळं आठवायचं कारण, आमच्या टीममध्ये सोमवारी एक मुलगी ट्रान्सफर होऊन येतेय. तिला अजून कोणी पाहिलेलंही नाही, पण 'डोक्याला ताप आहे' हे लंच टेबलवर सगळ्यांना पाठ. सांगितलं कोणी? तिच्या जुन्या बॉसने. दोघांचं का बिनसलं, ते मात्र कोणालाच ठाऊक नाही.

महाराजांना बेंद्रे भेटायला पावणेतीनशे वर्षं लागली. हिला एवढा वेळ कोण देणार? म्हणून सोमवारी तिला चहाला मीच नेणार आहे. बखर काय, नंतरही वाचता येईल!