साडेपाच तास

जळगावला एम.एस्सी. करत होतो तेव्हा महिन्यातून दोन रविवार तरी धुळ्याची एसटी धरायचो. एरंडोल, पारोळा करत गाडी धुळ्यात शिरायची, मग धुळ्याच्या त्या आकड्यांच्या गल्ल्यांपैकी एका गल्लीत सरांचं घर. सर निवृत्त. मला वर्गात त्यांनी कधीच शिकवलं नाही. एका व्याख्यानानंतर मी काहीतरी विचारलं, ते म्हणाले, घरी ये. तेवढीच ओळख.

वही त्यांनीच दिली होती. काम एकच: शेतातल्या धाब्यावर झोपायचं आणि अल्गोल पाहायचा. हा डोळ्याला एक दिसणारा तारा, पण मुळात एकमेकांभोवती अगदी जवळून फिरणारी जोडी. अंधूक तारा तेजस्वी ताऱ्यासमोर आला की दहाएक तास प्रकाश मंदावतो. असं दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी होतं, म्हणून दर तिसऱ्या रात्री ग्रहण 3 तास 11 मिनिटं आधी येतं. शेजारच्या ताऱ्यांशी तेज ताडून पाहायचं आणि वेळ टिपायची. अंगावर गोधडी, हातात पेन्सिल, खाली वेचलेल्या कापसाचा ढीग. वडिलांना वाटायचं पोरगा राखणीला झोपतो, आणि मीही तो समज मोडला नाही.

अशा काही जोड्या हळूहळू आणखी जवळ येतात. त्या का येतात, हे मी फार चुकीचं शिकलो होतो. सरांनी रिकाम्या बॉलपेनच्या नळीतून दोरा ओवला, टोकाला दगड बांधून गरगरा फिरवला आणि खालून दोरा ओढला. दगड जवळ आला, वेग वाढला. मी म्हणालो, समजलं. सर म्हणाले, नाही समजलं. इथं कोनीय संवेग शाबूत आहे. ताऱ्यांकडे तो घटतो, आणि तरी वेग वाढतो. मग अहिराणीत विचारलं, "भाऊ, खर्च कोठे जाई राह्यना?"

पुढचे दोन तास त्या एका प्रश्नात गेले. सूर्यासारख्या ताऱ्यातून सतत वारा सुटतो. तो चुंबकीय रेषांना बांधलेला, त्यामुळे लांबवर ताऱ्याबरोबरच फिरतो आणि वजनाच्या मानानं खूप गिरकी घेऊन निसटतो. एकटा तारा त्यानं संथ होत जातो. पण जोडीतल्या ताऱ्यांना भरती-ओहोटीचं बंधन असतं: स्वतःभोवतीची फेरी आणि जोडीदाराभोवतीची फेरी एकाच वेळात. म्हणजे गिरकीत पडलेली तूट कक्षेतून भरली जाते. कक्षा आकसते, आणि आकसलेली कक्षा लवकर पुरी होते. "तोटा वाढतोय आणि पळणंही," असं म्हणून सर स्वतःशीच हसले. काकूंनी शेवभाजी वाढली तेव्हा आमचे हात दोऱ्यात गुंतलेले होते.

हिवाळा संपताना मी आलेख घेऊन गेलो: पाहिलेली वेळ वजा हिशेबाची वेळ. मधेच मोठी उडी. अल्गोलचा आवर्तकाळ बदलतोय, असं मी छाती काढून सांगितलं. सरांनी उडी पट्टीनं मोजली आणि चष्मा पुसला. साडेपाच तास. काही रात्रींच्या वेळा मी भारतीय प्रमाणवेळेत लिहिल्या होत्या, काहींच्या ग्रिनिचच्या. ते रागावले नाहीत. "पुन्हा मांड" एवढंच म्हणाले. चाळीस ओळी मी त्यांच्यासमोर बसून पुन्हा लिहिल्या.

फेड कशी करू, असं एकदा विचारलं तर चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखाची गोष्ट सांगितली. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातवानं, चांगदेवानं, तिथं मठ काढला, 1207 साली. मग म्हणाले, "मठ काढ." आणि चहा मागवला.

मी मठ काढला नाही. पण वृश्चिकातल्या एका जोडीची बातमी त्यांना मीच सांगितली. 2008 मध्ये एकदम उजळलेला तारा. जुन्या नोंदी तपासल्या तर 2001 पासून त्याचा सुमारे 1.4 दिवसांचा आवर्तकाळ घटत आलेला, आणि स्फोटानंतर दोघांचा एकच तारा. फोनवर ते बराच वेळ गप्प होते.

2017 मध्ये हंस तारकासमूहातल्या अशाच जोडीबद्दल अमेरिकेत भाकीत झालं की ती 2022 च्या सुमारास एक होईल. पुढच्या वर्षी दुसऱ्या गटानं ते खोडलं: हिशेबात घेतलेल्या जुन्या ग्रहणाची छापील वेळ 12 तासांनी चुकली होती. मी लगेच धुळ्याला फोन लावला.

"बारा?" सर म्हणाले. "तुनी ते साडेपाचनीच व्हती."