वनहक्काचा अर्ज नोटपॅडात

मंडळी, फायरफॉक्सची एक सवय आहे. अमुक प्रकारची फाईल तमुक प्रोग्रॅममध्ये उघडायची हे एकदा ठरलं, की तो ते विसरत नाही. चुकीचं ठरलं तरी!

माझा मावसभाऊ मूल तालुक्यात असतो. त्याची ग्रामसभा सामूहिक वनहक्काचा दावा तयार करतेय. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखाला 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर असा हक्क मिळालाय, म्हणजे अशक्य काही नाही. परवा त्याचा फोन, "दादा, अर्जाचा नमुना डाउनलोड केला, पन नुसतं अगडमबगडम दिसून राहिलं ना!"

वर्डची फाईल नोटपॅडमध्ये उघडत होती. उपाय: सेटिंग्ज, जनरल, मग ॲप्लिकेशन्स. तिथे वर्डच्या ओळीत नोटपॅडऐवजी लिबर ऑफिस निवडायचं. झालं.

एवढ्याने भागलं नाही तर? सर्व्हर फाईलबरोबर तिचा प्रकार सांगणारी चिठ्ठी पाठवतो. चिठ्ठीच मोघम असली तर ब्राऊझर बिचारा काय करणार? मग फाईल सेव्ह करा, राइट क्लिक करून 'ओपन विथ' निवडा. आणि फाईल वर्डमध्ये उघडूनही मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, तर मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असणार. तो फॉन्ट टाकला की वाचता येतं.

भावाचा नमुना पहिल्याच उपायाने उघडला. आता ग्रामसभेत वाचन होईल, मग पुरावे गोळा करायचे. ते मात्र कुठल्याच सेटिंगमध्ये सापडत नाहीत!