अंतर द्यावे!

मराठीतला ‘अंतर’ हा शब्द मोठा लहरी आहे. वाशिमहून कारंजा किती लांब, हे सांगायला तोच शब्द; मनाच्या गाभ्यालाही आपण अंतरच म्हणतो; आणि ‘मला अंतर देऊ नका’ असे कोणी म्हणाले, की त्यात साऱ्या जन्माची काकुळती भरलेली असते. अंतर देणे म्हणजे टाकून देणे. वर्गात हा वाक्प्रचार मी वर्षानुवर्षे असाच शिकवीत आलो आहे. पण अंतर राखण्यातही माया असू शकते, हे मला कोणा कवीने नव्हे, आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने दाखविले.

हा गृहस्थ कवितेच्या तासाला हटकून खिडकीबाहेर बघत असे. आता गावात त्याचे दुरुस्तीचे दुकान आहे. सोयाबीनवर फवारणी सुरू झाली, की पाठीवरच्या बॅटरीपंपांचे बिघडलेले चार्जर त्याच्या टेबलावर गोळा होतात. गेल्या पावसाळ्यात मी तिथे सहज टेकलो होतो. त्याने एक चार्जर उघडून माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, “सर, यात यती कुठं आहे ते दाखवा बरं!”

मी चकितच झालो. शार्दूलविक्रीडिताच्या १९ अक्षरांत बाराव्यानंतर थांबायचे असते, हे त्या खिडकीतूनही त्याच्या कानांवर पडले होते म्हणायचे!

मग त्याने मला समजावून दिले. हिरव्या पाटीवर तांब्याच्या रेघा असतात. एका बाजूला भिंतीतून आलेली २३० व्होल्टची वीज. लाटेच्या माथ्यावर ती सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढते. दुसऱ्या बाजूला बॅटरीची १२ व्होल्टची गरीब वीज, जिला माणसाचा हात लागणार. या दोहोंच्या मधे एक कोरी पट्टी सोडायची. तिच्यावर तांब्याची एकही रेघ काढायची नाही.

ही पट्टी वीज दोन रीतींनी ओलांडू पाहते. एक, हवेतून उडी मारून. दुसरी, पाटीच्या अंगावरून सरपटत. उडीचे भय त्या मानाने थोडे. कोरडी हवा सेंटिमीटरला सुमारे ३० हजार व्होल्ट अडवून धरते. पाशेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ साली ठिणगी आणि अंतर यांचा हिशेब मांडून ठेवला आहे. खरे भय सरपटणारीचे. पाटीवर धूळ बसते, धुळीला ओल धरते, ओलीतून बारीकशी वीज पाझरते. ओल जागोजाग सुकते, तिथे चिमुकल्या ठिणग्या उडतात, पाटी जळून तिचा कोळसा होतो, आणि कोळसा तर विजेचा वाहक! म्हणजे वीज आपला रस्ता आपणच बांधीत येते. म्हणून शहाणे कारागीर त्या पट्टीत आरपार फट कापतात. सरपटणारीला मग वळसा घालावा लागतो.

या अंतराचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. २५० व्होल्टपर्यंत, साध्या पाटीवर आणि माणसाच्या जिवाशी गाठ असेल तिथे, घरातल्या स्वच्छ जागी सरपटीचे अंतर निदान ५ मिलिमीटर हवे. धूळ आणि दमट हवा असेल तिथे ८. आमच्या गोठ्यातल्या खुंटीवर लोंबणारा चार्जर कोणत्या वर्गात बसतो, हे सांगायला नकोच. आणि माझ्यापुढच्या पाटीवर ते अंतर जेमतेम २ होते!

चार्जरचा मालक समोरच उभा होता. “चालू करून दे ना बाप्पा, फवारणी खोळंबली.”

“चालू होईल, काका. पण मी करून देणार नाही.”

“वर्षभर वापरला, काही झालं नाही!”

“वर्षभर धूळ बसत होती, काका.”

म्हातारा जरा वेळ आपल्या ओल्या हातांकडे बघत राहिला. मग दुकानातलाच एक चार्जर उधारीवर घेऊन गेला. पैसे सोयाबीन विकल्यावर.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे अंतर राखण्याची कौतुके कशाला? खरे आहे. पाणवठ्यावर माणसाने माणसापासून राखलेल्या अंतराचा आपला इतिहास लाजेने मान खाली घालावी असाच आहे. पण त्या अंतरात दुसऱ्याचा स्पर्श नको होता. या अंतरात स्पर्श करणारा हात जगायला हवा आहे. शिवाय या पाटीच्या दोन्ही बाजू एकमेकींशी अबोला धरीत नाहीत. ऊर्जा चुंबकाच्या वाटेने पलीकडे जाते, आणि बॅटरी भरत आली हा उलटा निरोप पुष्कळदा एक इवलासा दिवा लुकलुकून पोचवितो. सारा संसार चालतो, फक्त कोणी कोणाला जाळीत नाही. पुष्कळ घरांना हे साधत नाही.

ती कोरी पट्टी विकत घेणाऱ्याला कधी दिसत नाही. तिच्यामुळे पाटी मोठी होते, चार पैसे जास्त पडतात, आणि तिचे श्रेय कोणी देत नाही. कुठल्या तरी दूरच्या गावी कोणी तरी ती रेघ काढताना ३ मिलिमीटर वाचवितो किंवा वाचवीत नाही. वाशिमच्या शेतकऱ्याचे नाव त्याला ठाऊक नसते. पण ज्याने ते अंतर राखले, त्याने त्या म्हाताऱ्याला अंतर दिले नाही, एवढे खरे!